कात

टॉडमॉर्डनच्या मंडईत, ग्रीनवुडच्या गाळ्यावर
शुक्रवारी दुकान आवरताना उरलेली कोळंबी स्वस्तात मिळते.
सिंकपाशी उभी राहून मी ती सोलतेय
आणि मागे टेबलावर शाल्मली
सोमवारच्या परीक्षेसाठी एक झाड काढतेय.
बुंध्याशी कुणाचंच नाव नाही,
नुसती एक रेघ.

"हे सगळे कझिन," ती म्हणते.
कझिन म्हणजे कोण गं?
चुलत, आते, मामे, की मावस?
ती वैतागते. मग पेन्सिल चावत
खरंच नाती लावायला बसते.

नालखेकडा खेकड्याचा कुणी नव्हे,
आडनाव तेवढं सारखं.
त्याचं खरं गोत कोळ्याकडचं, विंचवाकडचं.
गोम आणि पैसा सख्खी भावंडं,
पायांच्या हिशेबावरून अबोला धरलेली.
मखमली किडा मऊचा मऊच राहिला,
चिलखत त्याला कधी जमलं नाही,
पायापायाला नखं मात्र आहेत.
दूरचा, पण बारशाला न बोलावून चालणार नाही असा.

आणि पाणअस्वल?
मागच्या दगडी भिंतीवरचं शेवाळ खरवडून
तिनं दुपारीच भिजत घातलंय,
माझ्या चांगल्या बशीत.
मिस प्रिडींनी उसन्या दिलेल्या सूक्ष्मदर्शकात
मीही डोळा लावून पाहिलं:
आठ पायांचं, ढेरपोटं,
झोपेत पाणी प्यायला उठल्यासारखं चाललेलं.
याला कुठल्या फांदीवर बसवायचं
यावर शहाण्यांची अजून भांडणं आहेत म्हणे.
पाणी आटलं की पाय आत ओढून
एवढंसं होऊन बसतं, वर्षंच्या वर्षं.
मेलेलं नसतं.
जिवंत म्हणायलाही जीभ रेटत नाही.

"पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी," ती म्हणते,
"सगळे कात टाकतात."
जंतसुद्धा?
"जंतसुद्धा."

माझ्या बोटांत एक अख्खं टरफल निघून आलंय,
पायांच्या खोळींसकट,
जणू आतली आत्ताच कुठेशी गेलीय
आणि जाताना दार लोटायचं विसरली.

"मावस म्हणजे," मान वर न करता शाल्मली विचारते,
"ज्या बाजूला तू फोन करत नाहीस, ती ना?"

नळ चालू होता.
मी तो चालूच ठेवला.

मग माशी आली, या मेमधली पहिलीच,
मी फडकं उचललं.
"मारू नकोस. किडे सगळे कोळंबीच्याच घराण्यातले.
आपण उगाच त्यांचं बिऱ्हाड वेगळं मांडलं होतं."

माशी टरफलांच्या ढिगावर उतरली.
पुढचे पाय एकमेकांवर चोळत थांबली थोडी,
बऱ्याच वर्षांनी माहेरी आलेली बाई
उंबऱ्यातच थांबते, तशी.

फडकं खांद्यावर टाकून मी टेबलाशी आले.
बशीतलं पाणी कडेकडेनं सुकत आलं होतं.
ओल्या बोटावरून
एक थेंब त्यात सोडला.