रुमालाखाली

हळदीच्या सौद्यात तोंड मिटलेलं असतं.
रुमालाखाली अडत्याचा हात धरायचा,
चार बोटं दाबली की चारशे,
अंगठा मुडपला की पन्नास वर.
तीस वर्षं हा हात माझ्या ताब्यात होता.

होळीच्या आसपास
उजव्या कोपराखाली काहीतरी उडायला लागलं.
मासळी वर यावी आणि परत बुडावी, तसं.
बाही सारून बघत बसायचो.
टुक. थांबायचं. टुक टुक.
मी काही करत नव्हतो.

सासूबाई म्हणाल्या, उजवा ना? धनलाभ.
वखारीतला इराप्पा म्हणाला, वात,
आणि लसणाचं तेल त्यानंच चोळलं;
दोन दिवस लोक माझ्यापासून लांब बसले.
पोरानं मोबाईलवर बघितलं
आणि मोबाईल उलटा ठेवला.
त्या रात्री झोप नाही.
रायगोंडा मामाचं असंच सुरू झालं होतं,
आधी बोट, मग चमचा, मग शर्टाची बटणं.

मंगळवारी कवलापूरच्या एका बाईची अकरा पोती.
राजापुरी, मोडली की आत शेंदरी.
माझा आकडा ठरलेला.
कळंत्रेंचा हात धरला, दाबला,
सोडणार तेवढ्यात
कोपराखालचं ते उडालं
आणि करंगळी आपोआप मिटली.
कळंत्रेंनी भुवई उचलली.
शंभर वर.

चुकून झालं, एवढं म्हणता आलं असतं.
जीभ उचलली नाही.
बाईनं पदराचं पिळलेलं टोक सोडलं,
तेवढंच दिसलं.
संध्याकाळी शेठ चोपडी बघत म्हणाले,
स्फुरण चढलं काय, मुनीम?

मिरजेला हिरेमठ डॉक्टरीणबाईंनी
रबरी हातोडीनं कोपर ठोकलं, गुडघा ठोकला,
माझी मूठ ओढून बघितली.
जोर आहे. बारीक झालेला नाही. मुंग्या?
नाहीत.
झोप?
मार्चएंडची खाती.
चहा?
मोजायला लागलो. गेटवर एक, वखारीत दोन,
मग प्रत्येक सौद्याला अर्धा,
अर्धे कोण मोजतं.
मोजा, त्या म्हणाल्या.
दमलेला स्नायू आपापलं पुटपुटतो,
कान देऊन बसलात की जास्त पुटपुटतो.
मामाचं सांगितलं, ते शेवटपर्यंत ऐकलं.
म्हणाल्या, ते दुखणं वेगळं.
पण हातातून वस्तू निसटायला लागल्या
तर दुसऱ्याच दिवशी या.
रक्त दिलं. रिपोर्टात सगळं जागेवर.

मग तीन चहा.
साडेदहाला दिवा बंद, खाती उघडीच.
कोपराखाली गरम पाण्याचा फडका,
दुपारी एक केळं, तांब्याभर पाणी.
पेन आवळून धरायची सवय मात्र गेली नाही.

कधी थांबलं, कळलं नाही.
पाडव्याला गुढी उतरवताना आठवलं,
बाही सारली. गप्प.
खरं सांगतो, जरा चुकल्यासारखं वाटलं,
रोज दारावर येणारं कुणी
न सांगता गाव सोडून गेल्यासारखं.

आज परत रुमाल.
आज परत कळंत्रे, वय बहात्तर,
नखांत कायमची हळद.
आकडा देऊन झाला
आणि माझ्या मुठीत त्यांचं मधलं बोट
एकदा उडालं.
ते वर पत्र्याकडे बघत राहिले.

मी ते बोट आकड्यात धरलं नाही.
रुमाल झटकून घडी घालताना विचारलं,
सकाळपासून चहा किती झाले, कळंत्रे?