व्हर्डेल आत्याची पेन्सिल

आत्या गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी
आम्ही तिचं कपाट उघडलं.
बुटांची एकोणचाळीस खोकी. बूट एकातही नाही.

आत कार्डं, लाँड्रीच्या पावत्या, पिठाच्या पिशव्यांचे कागद,
आणि सगळ्यांवर तिचं ते मुंगीसारखं अक्षर:
जूनो, वय अंदाजे तीस, शिवण येते, सहाशे डॉलर.
कफी, डाव्या पायाने अधू, दोनशे.
खेचर, राखाडी, नव्वद.
खेचरसुद्धा तिने लिहून घेतलं होतं.
"पान जसं आहे तसं उतरवायचं," म्हणायची,
"आपल्याला कोणाच्या रांगेत मांडलं होतं, तेही कळू दे."

त्या वह्या टॅलो क्रीकच्या कोर्टात, तळघरात.
आमच्या रंगाच्या माणसाला तिथे
वाचायची परवानगी नव्हती. झाडायची होती.
मतदारांची नावं नोंदवत दारोदार हिंडली म्हणून
शाळेने तिचा इतिहासाचा तास काढून घेतला,
तेव्हा तिने झाडू उचलला. तीन हिवाळे.
रोज एक पान. पेन्सिल अंबाड्यात खोचलेली,
मागचं रबर दातांनी उपटून टाकलेलं.
खोडायचं काम, ती म्हणायची, आधीच पुष्कळ झालंय.

मी तेव्हा सात वर्षांचा.
मला एवढंच आठवतं, तिच्या कोटाला
ओल्या कागदाचा वास यायचा
आणि खिशात खाऊ कधीच नसायचा.

मग हायवे आला.
पिकानच्या झाडांखाली आमची पुरलेली माणसं.
दगड नाहीत; शिंपले, फुटक्या बश्या,
साडेचारला थांबवलेलं एक घड्याळ.
इंजिनिअर म्हणाला, इथे कोणी असल्याची नोंद नाही.
आत्याने घडीची खुर्ची उघडली,
बुलडोझरसमोर बसली, चष्मा पुसला
आणि नोंद वाचायला लागली.

बुलडोझरवर लेम्युएल गॅफ्नी, आमच्यातलाच.
जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने यंत्र सुरूच केलं नाही.
किल्ली पडली म्हणाला, अंधार होईतो गवतात शोधत राहिला.
दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला,
सोबत शेरीफ. आत्या अकरा दिवस आत.

जिंकली असं कसं म्हणू?
रस्ता जरासा वाकला. अर्धी माणसं
अजून डांबराखाली आहेत.
तिथे मी गाडी हळू करतो. मागचे हॉर्न वाजवतात;
त्यांना ते नुसतं वळण दिसतं.

आता विद्यापीठातली मुलं येतात, हातमोजे घालून,
खोकी मोजतात, आत्याला डॉक्टर ट्रॉटमन म्हणतात,
आणि निघताना, दारात, हळूच
आपल्या पणजीचं नाव विचारतात.

एक कार्ड मी त्यांना दिलेलं नाही.
मूल, मुलगी, तीन आठवडे, नाव नाही, पंधरा डॉलर.
खाली एक रेघ, रिकामी.
कडेला चार तारखा: पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

चौथ्या वेळी तिला दिसत नव्हतं.
पान मीच वाचून दाखवलं, कोर्टाच्या वरच्या मजल्यावर,
खिडकीजवळच्या चांगल्या टेबलाशी.
"समासात बघ," म्हणाली.
समासात नव्हतं.
"मागच्या बाजूला?"