साडेबारा किलो

अझहर आत्तार म्हणतो, ताई, आधी रेंज बघा.
एका चार्जिंगला चाळीस किलोमीटर,
पुढे दिवा, मागे दिवा, दोन्ही चाकांना ब्रेक.
मी गुडघे टेकून बिजागरी बघते.

नाना पेठेतलं अरुंद दुकान,
डोक्यावर सायकलींच्या रिंगा टांगलेल्या,
खाली फरशीवर दोन स्कूटर घडी होऊन पडलेल्या,
पोटात तोंड खुपसून झोपलेल्या कुत्र्यांसारख्या.
एक अठरा किलो. एक साडेबारा.
साडेबारावाली जाते जेमतेम वीस किलोमीटर,
तेही चढ नसेल तर,
आणि बसणाऱ्याचं वजन बेताचं असेल तर.
हे तो माझ्याकडे न बघता सांगतो.

मी भिंगं घासते. सव्वीस वर्षं.
पाव नंबर इकडेतिकडे झाला
की माणसाला शेवटची पायरी दिसत नाही.
म्हणून बिजागरी.
हँडल धरून हलवलं:
अठरावालीत केसभर खुळखुळ.
एवढं चालतं, अझहर म्हणाला.
आमच्यात नाही चालत, मी म्हटलं.

वनाज स्टेशन ते घर, एक किलोमीटर चारशे मीटर.
रिक्षावाला आधी माझ्याकडे बघतो, मग आभाळाकडे,
म्हणतो, एवढ्यासाठी?
रामवाडीला उतरून लॅबपर्यंत अडीच.
मधे सात गतिरोधक, त्यातले दोन कुणी मागितलेच नव्हते.
जाऊन येऊन आठसुद्धा भरत नाहीत.
मग चाळीस घेऊन मी कुठं जाणार होते?

मिरजेला बहिणीकडे, असं एकदा मनात आलं.
गेल्या खेपेला गाडीत वाकून
बाकाखालच्या जागेचं टेपनं माप घेतलं.
समोरच्या गृहस्थांनी विचारलं, रेल्वेत का?
नाही, चष्म्यात.
ते पुढे साताऱ्यापर्यंत गप्प बसले.

आमचा तिसरा मजला.
लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही;
त्या जागेत मंडपाचे बांबू राहतात.

रविवारी सॅकमध्ये गहू भरले,
काट्यावर मोजून साडेबारा.
चोपन्न पायऱ्या.
वर पोचले तेव्हा कुलूप उघडून
स्वतःशी चार शब्द बोलता येत होते.
मग अठरा.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलेच,
पायरीवर, सॅक मांडीत.

अकरा वर्षं त्या दारावरून गेले,
पाटी आज वाचली:
कु. इंदुमती केंजळे. निवृत्त, भूमि अभिलेख.
दार उघडलं. पाण्याआधी प्रश्न:
गिरणी खाली आहे. गहू वर कुठं चाललेत?

सांगितलं. सगळंच सांगितलं,
रेंज, बिजागरी, गतिरोधक.
त्यांनी पाणी आणलं. मग एक स्टूल, स्वतःसाठी.
मी मोजणीला सायकलवरून जायची, म्हणाल्या,
मागे लोखंडी साखळी बांधून, पार खडकवासल्याकडं.
घडी होत नसे.
सायकलची नाही, साखळीची नाही, माझी तर नाहीच.
थोडा वेळ जिन्यातल्या खिडकीकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, हलकी घ्या.
आणि हे गहू सांडलेत ते उचलून जा.

चार महिने झाले.
एकदा रामवाडीच्या पुढे चार्जिंग संपलं,
चूक माझीच, रात्री बटण दाबायला विसरले.
ढकलत नेली. टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला,
बाजूच्या पोरानं विचारलं, काकू, केवढ्याला?
सांगितलं तर म्हणाला, एवढ्याला?

संध्याकाळी वनाजहून येते,
खाली बांबूंच्या शेजारी थांबून
लिव्हर ओढते, दांडा खाली, खट्.
अठरा पायऱ्या. आणखी अठरा.
दम लागलेला नसतो.
तरी दुसऱ्या मजल्यावर ती खाली ठेवते.
दार बोटभर उघडतं.

चाकं पुसलीत का?

पुसली.

मागचंसुद्धा?