कुणासाठी चांगली

कुठली चांगली, असं विचारतात सगळेच,
उन्हाळ्यात, माद्रिदहून आलेले,
नव्याकोऱ्या गळकाठीवर किमतीचं लेबल अजून तसंच.
मी फ्रीझरचं झाकण एका हाताने धरते
आणि विचारते, कुणासाठी?

मारीनच्या धक्क्यावर तिसरं दुकान माझं.
गळ, शिसं, नायलॉनचा दोर, जिवंत किडे, बर्फ
आणि माकल्या.
आमच्याकडे माकलीला एक नाव पुरत नाही.

ही लुरा. निम्म्या अंगापासून शेवटापर्यंत पंख,
पतंगासारखे.
डोळ्यावर पातळ पडदा,
जणू झोपेतून पुरती उठलीच नाही.
पाठीतलं काचेसारखं पीस ओढलं
की हातमोजा काढावा तशी रिकामी होते.
तव्यावर दोन मिनिटं, तिसरं मिनिट म्हणजे तिचा अपमान.
गळाला लावायची तर लावा खुशाल,
रोबालो मासा जीव टाकतो तिच्यावर,
पण त्याच्याआधी खेकडे येतात, चिल्लीपिल्ली येतात,
कुरतडून जातात.
मऊ असण्याचं हे असं असतं.

आणि ही पोता. पंख अगदी टोकाला, बाणाच्या पात्यासारखे,
रंग काकवीचा, पाठीवर काळसर रेघ.
हिच्या डोळ्यावर पडदाबिडदा नाही,
सरळ बघते, मेल्यावरसुद्धा.
चिवट. एकदा गळावर बसली की रात्रभर हलत नाही,
कपारीतला काँग्रियो वासावर येतो.
माझी आई हिला लाकडी दांडक्याने बदडायची,
मग बटाटे, लाल मिरचीची पूड, तासभर मंद आच,
कारण लुरा लिलावात जायची.
आम्ही आठ भावंडं आमिषावर वाढलो,
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सेगुंदो आला.
ट्रॉलरवरचा खलाशी, पेरूचा,
नावाचा अर्थच दुसरा,
ओठ मिटून हसणारा.
उद्या सुट्टी, म्हणाला, बांधावर बसेन गळ टाकून.
मी नवा खोका फोडला,
राक्षसी पोतेचे पांढरे जाड तुकडे,
तिकडच्या समुद्रात ती माणसाएवढी होते म्हणे.
पाटासारखी गोठलेली, स्वस्त,
वास जरा उग्र. गळाला चालते.

तो खोक्यावरचा शिक्का वाचत राहिला.
पायता, म्हणाला.
पुन्हा म्हणाला तेव्हा आवाज आणखी खाली.
तिथल्या कारखान्यात त्याची बहीण माकल्या कापते,
रबरी बूट, रात्रपाळी.
"हा तिरका काप बघा. डावखुरी आहे ती."
असेलही. नसेलही.
त्या शेडमध्ये डावखुऱ्या काय एकच असणार?
मी काटा बघत वजन केलं.

दोन किलो घेतली.
गळाला एवढी कशाला, मी विचारलं.
"गळाला नाही. लिंबू, कांदा, मिरची.
खोलीवर सहा जण आहोत."
मग गळाला काय लावणार,
याचा त्याने विचारच केला नव्हता.
मी बर्फातून लुरा काढली, पहाटेचीच,
कातडीवरचे ठिपके अजून उघडझाप करत होते.
अर्ध्या भावात दिली.
आई असती तर हात धरला असता.

सोमवारी दिसला, जाळं शिवत बसलेला.
लागलं का काही?
"काही नाही, दोन्या एर्मितास.
माशांनी लुरा खाल्ली
आणि गळ धुऊनपुसून परत पाठवले."
असं म्हणून हसला, ओठ न मिटता,
तेव्हा दिसलं,
पुढचा एक दात सोन्याचा आहे.