डिडकोट, रात्रपाळी

हर्क्युलेनियमची गुंडाळी आली खोक्यातून, कापसात,
विस्तवावर विसरलेल्या वांग्यासारखी.
हेझल म्हणाली, श्वास जरा बाजूला सोड.

खणणाऱ्यांनी असल्या कितीतरी
कोळसा समजून फेकल्या म्हणे.
डोंगरानं गाव गिळलं,
एका घरातलं पुस्तकांचं कपाट तेवढं
दाढेत अडकून राहिलं.

आता क्ष-किरण आत शिरतात,
न उलगडता वेटोळी मोजतात.
पहाटे तीनला पडद्यावर एक अक्षर उमटतं.
की भेग आहे ती? हेझल चष्मा पुसते.
बाहेर पार्किंगमध्ये दंव, आणि एक कोल्हा.

आईची वही निळ्या पुठ्ठ्याची होती.
नलूमावशी सांगते, कविता होत्या, किंवा हिशेब;
तिनं नीट पाहिलं नाही.
लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवाळीत
आईनं ती बंबात घातली,
पानं सुटी करून, चांगली पेटावीत म्हणून.

पाणी कढत झालं असणार.
घरातले सगळे त्यानंच न्हाले.

दोन हजार वर्षं, हेझल म्हणते, विचार कर.
करते.
राख उरली असती तर आणली असती इथं,
कापसात.

पण त्या राखेनं आईनं भांडी घासली.
लख्ख.