नववी पायरी

जांबोटीच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर सहा,
त्यातला एक थापड मारल्याशिवाय उघडत नाही.
भिंतीपलीकडे कन्नड शाळा, मध्ये दार,
दाराला कडी नाही,
म्हणून हा तास दोघांचा.

एकच पान. सगळ्यांनी मिळून भरायचं:
गावात पाणी कुठं कुठं आहे.
पहिल्याच दिवशी नागेंद्रने अख्खा ओढा पुसला
आणि म्हणाला, बाई, मी काय केलो नाही.
मग मी दाखवलं, या पानात मागं कसं जायचं:
चार वाजता कोण होतं, चार वाजून दोनला कोण,
कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं.
पोरं एकदम गप्प झाली.
आपली बोटं कुणीतरी लक्षात ठेवतं
हे त्यांना तेवढंसं आवडलं नाही.

भांडण झालं ते एका वेलांटीवरून.
शिल्पाने लिहिलं, बाव.
गंगव्वाने पलीकडून, हिंदीच्या तासाला शिकलेली
दुसरी वेलांटी दिली: बावी.
शिल्पाने काढली. गंगव्वाने दिली.
एका दुपारी अठ्ठावीस वेळा.
रहाटालासुद्धा इतक्या खेपा नसतील.
मी पान बंद केलं नाही.
पाट्यांवर डांबर फासलेलं मी लहानपणापासून बघतेय,
इथं निदान कुणाचे हात काळे होत नव्हते.

मग एका रात्री, साडेअकराला,
मी निबंध तपासत बसलेली,
पानावर एक निळी रेघ लुकलुकली.
नाव न सांगता कुणी आलं
की हे यंत्र त्याला जनावर करतं.
अनामिक पाणमांजर.
ते ओढा ओलांडून, देवळाचं टाकं ओलांडून
बावीपाशी येऊन थांबलं.
मग एकेक अक्षर:
नववी पायरी नाही. उतरताना जपून.
मे महिन्यातबी पानी र्‍हातंय.

पानी. नळातला न.
बाणातला ण त्याला वर्षभर जमला नाही.
भरमा गावडे, रोल नंबर चौदा,
जूनमध्ये बापाबरोबर चोर्ला घाट उतरला,
म्हापशाच्या बेकरीत रात्री पाव मोजतो.
हजेरीपटात त्याच्या नावावर
लाल रेघ मीच ओढलीय, पट्टी लावून.

मी माझी रेघ त्याच्या रेघेशेजारी नेली.
लिहिलं काही नाही. त्यानेही नाही.
दोन्ही रेघा आपापल्या लुकलुकत राहिल्या,
मग पाणमांजर गेलं.
भट्टीची वेळ झाली असणार.

हेडसर म्हणाले, लिंक अशी उघडी ठेवू नका बाई,
कोणीही येईल, काहीही लिहील,
वरून विचारलं तर उत्तर मला द्यावं लागतं.
बरोबर आहे त्यांचं. मी हो म्हटलं.
शुद्धलेखन तेवढं तपासून घेतलं,
सगळ्या 'नदि'ची 'नदी' केली, ओढ्याचा ढ नीट केला.
पानीला हात लावला नाही.
लिंकलाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
शिल्पा आणि गंगव्वा बावीवर जाऊन आल्या.
उतरताना मोजत होत्या म्हणे,
एकीचं ओंदु, एरडु, दुसरीचं तीन, चार,
आठानंतर दोघी गप्प,
एकीने दुसरीचा दंड धरला
आणि पाय लांब टाकला.
आता ती वेलांटी कुणी काढत नाही.
म्हणजे काढतात,
पण पूर्वीसारखी नाही.

आज तासाला लाइट होती.
हजेरी घेताना चौदा नंबर
सवयीने तोंडातून गेलाच.
कुणी हसलं नाही.
शिल्पा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली,
हाय बाई. वाचूलालाय.