कापलेले प्रसंग

बारावीच्या सुट्टीत मी मार्कंडेय व्हिडिओच्या गल्ल्यावर बसायचे,
साखर पेठेत, दुपारी, बाबा जेवायला गेले की.
पंखा गरम हवा इकडून तिकडे सारायचा
आणि भिंतभर म्हातारे.
कव्हर कुठलंही घ्या, पांढरी दाढी, लांब कोट,
मागे जळणारं जहाज,
नावात कुठेतरी ‘आखिरी’
आणि खाली बारीक अक्षरात: भाग चौथा.

गोष्ट मला पाठ होती.
रिटायर झालेला हेर बर्फात लाकडं फोडत असतो.
जुना साहेब गाडीतून उतरतो. हा नाही म्हणतो.
दहाव्या मिनिटाला कुणीतरी याचं घर पेटवतं,
मग काय, पहिली सीडी संपेपर्यंत चाळीस माणसं.
दुसरी सीडी नेमकी अडकायची तो दार लाथेनं फोडताना,
पाय हवेतच,
आणि गिऱ्हाईक येऊन आमच्यावर ओरडायचं.

हत्तुरे अण्णा मंगळवारी यायचे.
सायकलला कुलूप, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे एकेक नजर, मग आत.
एकतीस वर्षं विशेष शाखेत, साध्या वेशात.
ते साध्या वेशात आहेत हे कन्ना चौकापासून अशोक चौकापर्यंत
सगळ्यांना ठाऊक होतं.
चहावाला विचारायचा, साहेब, आज कुणाच्या मागं?

डीव्हीडी आली तेव्हा तेच पहिले म्हणाले,
पोरी, ह्यात मागं कापलेले सीन असत्यात बग, ते हाय का?
सिनेमा ते बघतच नसत.
कापलेल्या प्रसंगांत तोच म्हातारा
औषधाच्या दुकानात उभा, सुट्टे पैसे मोजतोय.
बसस्टॉपवर बसलाय, बस येत नाही, उठून जातो.
बटण लावायला घेतलंय, चष्मा नाही, सुईत दोरा जात नाही.
संगीत नाही. कोपऱ्यात नुसते आकडे पळतायत.
अण्णा म्हणाले, हे खरं हाय. बाकीचं चढवलेलं.
मी बी सा म्हैने एका टपरीवर बसलो हुतो,
शेंगा खाऊन खाऊन पोट बिघडलं,
घडलं काय न्हाई.

कुठली टपरी, बाबांनी विचारलं.
ते जेवून आले होते, दारात उभे, दातात काडी.
अक्कलकोट रोड, अण्णा म्हणाले. यंत्रमागाचा संप.
बाबांनी काडी टाकली.
त्या संपात त्यांचा घसा कायमचा बसला होता,
घरात तेलुगूत हळू बोलले तरी फाटका आवाज येतो
तो तेव्हाचा.
मी हुतो की त्यात. म्याकल नरसय्या. आठवतंय का?
अण्णांनी डोळे मिटले, आत कुठली तरी वही उघडावी तसे.
म्याकल. उंची पाच-चार. डावा पाय लंगडा. घोषणा कागदावर बघून देतो.
मग जरा थांबून, चांगली बातमी सांगावी तसं,
धोकादायक नाही, असं लिवलं हुतं मी.

त्या दिवशी बाबांनी त्यांना उशिराचा दंड लावला.
तीन दिवस, पंधरा रुपये. त्याआधी कधी घेतला नव्हता.
रात्री कडक भाकरी मोडताना आईला म्हणाले,
सहा महिने ओरडलो मी.
मग चटणी न घेताच उठले.

दुकानात आता आधार, झेरॉक्स, लाइट बिल.
भिंतीवरचे म्हातारे रद्दीवाल्यानं किलोच्या भावानं नेले.
नोव्हेंबरात अण्णा हयातीच्या दाखल्याला आले.
अंगठा मशीनवर ठेवला. नाही. पुसून ठेवला. नाही.
सिनेमात हेर ॲसिडनं बोटं जाळून घेतात,
यांचे ठसे सायकलच्या मुठीवरच झिजले.
पडद्यावर लाल अक्षरं: ओळख पटली नाही.

मागच्या स्टुलावरून तो फाटका आवाज आला,
लिही गं, धोकादायक नाही.

अण्णा हसले नाहीत.
तर्जनी ठिवून बगू का, म्हणाले.